उपवासाचं शेवाळ

सरिताबाईंना आयुष्यात फारसं कुणी काही विचारलं नाही. सिडकोतलं घर घ्यायचं ठरलं तेव्हा विचारलं नाही, त्या घराला डाळिंबी रंग द्यायचा ठरला तेव्हा विचारलं नाही, आणि मुलानं, इंद्रजीतनं, पुण्याची नोकरी धरली हे तर त्यांना शेजारच्या आवडाबाईंकडून कळलं. पण एक गोष्ट अशी होती की त्यांना विचारल्याशिवाय सबंध गल्ली घास तोंडात घालत नसे. ती म्हणजे उपवास.

"काकू, उपवासाला कोथिंबीर चालते का हो?"

"काकू, पोरीनं वेफर्स खाल्ले आणि मग पाकिटावर वाचलं, त्यात हळद होती. आता?"

"वहिनी, खोकल्याचं औषध चालतं का? गोड आहे, पण औषध आहे."

सरिताबाई क्षणभर डोळे मिटत आणि अगदी हळू आवाजात म्हणत, "चालतं," नाहीतर म्हणत, "नाही चालत." आवाज इतका हळू की पलीकडची बाई आधी टीव्ही बंद करी आणि मग कान देई. त्या निकालावर अपील नव्हतं. आपल्या गल्लीत नळाला पाणी कधी येणार हे महापालिकेलाही सांगता येत नसे, पण भेंडी चालत नाही हे सरिताबाई छातीठोक सांगत. बिडकीनहून नणंदेच्या जावेचा फोन येई. ती बाई त्यांनी कधी पाहिलेलीसुद्धा नव्हती.

हा मान त्यांना कुणी बसल्याजागी दिलेला नव्हता. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी हे तर होतंच, उरलेल्या दिवशी त्या जेवत, पण तेही जरा ओशाळून. आणि या सगळ्यावर कळस म्हणजे त्यांचं मौन. इंद्रजीत शाळेत असताना विषमज्वरानं अंथरुणाला खिळला होता. तेव्हा त्यांनी देवापुढे नेम धरला की रोज आंघोळ झाल्यापासून पोथीचा अध्याय संपून नैवेद्य दाखवेपर्यंत तोंडातून शब्द काढणार नाही. शब्दच काय, खूणही नाही. मान हलवणं, बोट दाखवणं, डोळे वटारणं, हे सगळं म्हणजे मागच्या दारानं बोलणं, असं त्यांचं मत होतं. पोरगं बरं झालं, मोठं झालं, फोन करायचंही विसरायला लागलं. नेम चालूच राहिला.

आता या मौनाचा लाभ देवानं किती घेतला ते देव जाणे. राजेंद्ररावांनी पुरेपूर घेतला.

राजेंद्रराव म्हणजे सरिताबाईंचे यजमान. सहकारी बँकेतून निवृत्त झालेला, सभ्य, कधी आवाज न चढवणारा माणूस. बायकोला विचारल्याशिवाय आपण काही करत नाही असं ते चारचौघांत अभिमानानं सांगत, आणि ते खोटं नव्हतं. ते विचारत. फक्त सकाळी, ती देवापुढे बसली की विचारत. चहाचा कप हातात घेऊन दाराच्या चौकटीला टेकत आणि म्हणत, "अगं, तो पेरू तोडून तिथं गाडीला जागा करावी म्हणतो. हरकत नाही ना?" मग खरोखरच थोडा वेळ वाट पाहत. देवघरातून काहीच आलं नाही की म्हणत, "बरं झालं, तुझंही तेच मत पडलं." पेरू असाच गेला. माहेरचं शिलाई मशीन असंच गेलं. पुतण्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला म्हणून असाच आला आणि टक्कल पडू लागेपर्यंत राहिला.

तर हे राजेंद्रराव गेल्या उन्हाळ्यात एका मित्राच्या मुलाच्या लग्नाला रत्नागिरीला गेले आणि येताना दोन पोती घेऊन आले. लग्नाला गेलेला माणूस कोकणातून आंबे आणतो, फणस आणतो. यांच्या पोत्यात तपकिरी, चामड्याच्या फाटक्या पट्ट्यांसारखं काहीतरी होतं. दिवाणखान्यात त्यांनी ते वर्तमानपत्रावर पसरलं आणि दोन पावलं मागं सरून उभे राहिले.

"हे काय आहे?" सरिताबाईंनी नाकाला पदर लावत विचारलं.

"तपकिरी सागरी शेवाळ," राजेंद्रराव म्हणाले. "निसर्गातली सगळ्यात उत्तम अँटिऑक्सिडंटं यात आहेत. लग्नात एका प्राध्यापकांची ओळख झाली. पंगतीत शेजारी होते. अगं, आपल्या शरीराला आतून गंज चढत असतो."

"गंज?"

"आपल्या गेटला चढलाय तसा."

गेटला रंग द्या, हे सरिताबाई किती वर्षं म्हणत होत्या. त्यांना वाटलं, निदान या निमित्तानं गेटचा विषय निघाला. पण राजेंद्रराव गेटवरून केव्हाच पुढे गेले होते. जपानी माणसं शंभर वर्षं का जगतात, पेशी म्हातारी कशी होते, मराठवाड्याला समुद्र नाही हीच कशी संधी आहे, असं ते बराच वेळ बोलले. आपण याची पूड करून विकायची. हा शेवटचा भाग त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी, योग्य वेळी, हरकत नाही ना, असं विचारून पक्का केला.

गच्चीवर माल वाळत घातला त्या दिवशी पहिले सल्लागार आले. आप्पासाहेब, म्हणजे आवडाबाईंचे यजमान. मूळचे सिल्लोडकडचे, तलाठी म्हणून निवृत्त झालेले, आणि दुसऱ्याच्या गच्चीवर काय वाळतंय याची नोंद ठेवण्याची खोड अजून न सुटलेले.

"राजेंद्रराव, लई वास मारतंय. काय हाय ह्ये?"

"शेवाळ आहे. समुद्रातलं."

"विकत आणलं?"

"हो."

आप्पासाहेबांनी शांतपणे आपल्या गच्चीवरच्या टाकीकडे पाहिलं. "आमी आठवड्याला एक माणूस लावून घासून काढतो. आधी सांगायचं नाय का."

"हे वेगळं. यात अँटिऑक्सिडंट असतं."

"म्हंजी आक्सिजनच्या इरोधात?" आप्पासाहेब गंभीर झाले. "कोरोनात आक्सिजनसाठी माणसं दारोदार फिरत होती आन् तुम्ही त्याच्या इरोधात माल काढता व्हय? जरा दमानं घ्या."

राजेंद्ररावांनी त्यांना गेटचं उदाहरण दिलं. आप्पासाहेब म्हणाले, गेटला ऑइलपेंट मारा. सरिताबाई जिन्यात उभ्या होत्या. त्यांना आप्पासाहेबांविषयी पहिल्यांदाच आदर वाटला.

मग पावसाची एक सर आली आणि अर्धवट वाळलेला माल पुन्हा भिजला. त्यानंतर जो वास सुटला त्याचं वर्णन देवपूजा करणाऱ्या बाईनं करू नये. पण मांजरांना तो कळला. गल्लीतली, पलीकडच्या गल्लीतली, कुठली कुठली मांजरं कुंपणावर ओळीनं येऊन बसली. ज्या घरात कांदासुद्धा चातुर्मासात उंबऱ्याबाहेर ठेवतात, त्या घराकडं मांजरं टक लावून पाहतात, हे दृश्य येणारा-जाणारा थांबून पाही. दूधवाला तर एकदा हळूच म्हणाला, "काकू, कोणता आणता? बांगडा का?"

सरिताबाई काही बोलल्या नाहीत. मौन नव्हतं तेव्हा. नुसत्याच बोलल्या नाहीत.

पण त्यांच्या मनाला खरा चटका बसला तो पूड करायच्या वेळी. त्यांच्या मिक्सरचं एक भांडं उपवासाचं होतं. त्यात फक्त दाण्याचं कूट आणि साबुदाणा. त्यात कधी मिरपूडही झाली नव्हती. ते वेगळ्या फडक्यात बांधून वरच्या फळीवर असे. राजेंद्ररावांनी नेमकं तेच काढलं, कारण त्याचं पातं कमी वापरामुळं धारदार राहिलं होतं. सरिताबाई देवघरात अध्यायाच्या मध्यावर होत्या. स्वयंपाकघरातून घरघर ऐकू आली, त्या आवाजावरून कुठलं भांडं आहे ते त्यांना कळलं, आणि त्यांनी तीच ओवी परत परत वाचली. नैवेद्य दाखवून त्या बाहेर आल्या तोवर भांड्याच्या तळाशी तपकिरी चिखल होता.

"अहो, हे उपवासाचं होतं."

"मग उत्तमच की," राजेंद्रराव म्हणाले. "पूडही उपवासाचीच आहे."

तिथं सरिताबाईंना पहिल्यांदा भीती वाटली.

त्याचं असं झालं होतं की परवान्यासाठी राजेंद्रराव एका सरकारी कचेरीत गेले होते. तिथल्या बाबूनं विचारलं, भाजी का? नाही. फळ? नाही. धान्य, औषध, मसाला? सध्या तरी नाही. मग समुद्रातून आलेली खायची वस्तू म्हणजे काय असते साहेब, असं म्हणून त्यानं त्यांना मासळीच्या खात्याकडं पाठवलं. तिथं मात्र त्यांचं स्वागत झालं. सिडकोतून कुणी आपण होऊन तिथं येत नसावं. शेवाळ आमच्याकडंच येतं, असं त्या लोकांनी आनंदानं सांगितलं, महिला उद्योजक असेल तर प्राधान्य आहे असंही सांगितलं, आणि महिला उद्योजक दुसऱ्या दिवशी सकाळी, गंध उगाळत असताना, हरकत नाही ना, असं विचारून तयार करण्यात आली. सह्या त्यांनी पूजा झाल्यावर केल्या. नवऱ्यानं समोर धरलेल्या कागदावर सही करायची, हाही त्यांचा एक जुना नेमच होता.

आता माल कुणाला विकायचा? इथं राजेंद्ररावांना कल्पना सुचली, आणि ती वाईट नव्हती हेच वाईट. या शहरात माणसं तब्येतीसाठी खातील न खातील, उपवासाला म्हटलं की खातात. साबुदाणा आला, बटाटा आला, मिरची आली. हे सगळे मुळात बाहेरचे. कुणीतरी केव्हातरी चालतं म्हटलं आणि ते देवाच्या ताटात बसले. शेवाळालाही तेवढाच एक शब्द हवा होता. आणि तो शब्द ज्यांच्या तोंडून यायचा त्या घरातच होत्या.

सरिताबाईंनी कुठलाही निकाल आळसानं दिलेला नव्हता. त्या महादेवाच्या देवळातल्या गुरुजींकडे गेल्या. गुरुजींनी विचारलं, "कंद आहे?"

"नाही."

"मूळ?"

"मूळच नसतं म्हणतात."

"पान?"

"पानासारखं दिसतं, पण पान नव्हे."

"फूल, फळ, बी?"

"काहीच नाही."

गुरुजींनी पंचांग उघडलं आणि परत मिटलं. मूळ नाही, पान नाही, फूल नाही, तरी वाढतं, अशा वस्तूचं वर्णन त्यांनी फक्त परब्रह्माच्या बाबतीत ऐकलं होतं. "शास्त्रात उल्लेख सापडत नाही," ते शेवटी म्हणाले. "तुम्हीच ठरवा, बाई. तुमचं लोक ऐकतात."

सरिताबाईंनी ठरवलं. रात्रभर विचार करून नव्हे, येता येता वाटेतच ठरवलं. ज्या वस्तूभोवती मांजरं जमतात ती वस्तू देवापुढं ठेवायची नाही. संध्याकाळी राजेंद्रराव मोबाइलवर जपानी म्हाताऱ्यांची चित्रफीत पाहत होते. सरिताबाई दारात उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी विचार केला. नाही चालत."

"हो हो, बघू," राजेंद्रराव मोबाइलवरून मान न उचलता म्हणाले.

ज्या आवाजासाठी बिडकीनमधली बाई टीव्ही बंद करत होती, तो आवाज या घरात मोबाइलच्या वर कधी गेलाच नाही.

श्रावणातला सोमवार उजाडला. कॉलनीतल्या महादेवाला अभिषेक आणि मग बायकांना फराळ, असा दरवर्षीचा रिवाज होता. त्या दिवशी सरिताबाई पोथी देवळातच वाचत. त्या आंघोळ करून, सोवळ्यानं, ओठ मिटून घरातून निघाल्या. देवळाच्या कमानीशी आल्या आणि थबकल्या.

कमानीवर फ्लेक्स होता. त्यावर खुद्द त्याच होत्या. नाकात नथ, डोक्यावर पदर, हात जोडलेले. इंद्रजीतच्या लग्नातला फोटो होता, त्यातून विहीणबाई कापून टाकल्या होत्या, पण विहीणबाईंच्या बांगड्यांचा एक तुकडा खांद्यापाशी राहिला होता. खाली ठळक अक्षरं: "उपवासाला चालते! – सौ. सरिताताई." आणि त्यांच्या पदराला जवळजवळ टेकून, मासळीच्या खात्यानं योजनेचं म्हणून दिलेलं चित्र: एक गुबगुबीत, हसरा मासा.

लोक फ्लेक्सकडं पाहत होते, मग त्यांच्याकडं पाहत होते. नमस्कार करायचा की हसायचं, हे ठरत नव्हतं. सरिताबाई खाली मान घालून आत गेल्या आणि पोथी उघडली. अक्षरं दिसेनात.

तेवढ्यात राजेंद्रराव परात घेऊन आले. परातीत राजगिऱ्याचे लाडू. शहागंजातून आणलेला चांगला राजगिरा, चांगला गूळ, आणि त्यात तपकिरी पूड. लाडवांचा रंग काळपट होता. त्यांनी परात सरळ महादेवापुढं, सरिताबाईंच्या नैवेद्याच्या वाटीशेजारी ठेवली. गुरुजी स्पीकरच्या वायरीत गुंतले होते. त्यांनी न पाहताच दोन्हींभोवती पाणी फिरवलं आणि झालं. लाडवांचा प्रसाद झाला.

आता हे नीट समजून घ्यायला हवं. एखादी वस्तू खाऊ नये असं तुम्ही म्हणू शकता. प्रसाद खाऊ नये असं म्हणता येत नाही. प्रसाद नाकारणं हे पाप, टाकणं हे त्याहून मोठं पाप. राजेंद्ररावांना यातलं किती कळत होतं देव जाणे, पण सरिताबाईंना सगळं कळत होतं, आणि त्यांचा अध्याय अजून अर्धा राहिला होता.

लाडू वाटले जाऊ लागले. सभामंडपात उकडत होतं, आणि गूळ जसजसा मऊ होऊ लागला तसतसा तो वास सुटू लागला. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. लाडू हातातच राहिले. गल्लीतली नवी सून मोनाली हिनं मात्र भूक लागली म्हणून एक खाऊन दुसरा तोंडाला लावला होता.

"अगं बाई, कसला वास हा?"

"देवळात मासळी?"

"गप गं. सरिताकाकूंनी सांगितलंय, बाहेर लिहिलंय की."

आवडाबाई पुढं झाल्या. "सरिताबाई, तुमचं मौन हाय, मला ठावं हाय. बोलू नका. नुसती मान हलवा. चालतं ना?"

सगळा मंडप त्यांच्याकडं पाहत होता. राजेंद्रराव खांबाला टेकून उभे होते, अगदी घरच्या चौकटीला टेकावं तसे, हातात चहाचा कप. ते प्रेमळ हसले. "त्यांना विचारूनच केलंय सगळं. हरकत असती तर बोलल्या नसत्या का?"

त्यांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग म्हणाले, "बघा. खा आता."

बायकांचे हात तोंडाकडं निघाले.

"नाही चालत," सरिताबाई म्हणाल्या.

कुणालाच ऐकू आलं नाही. वायर एकदाची जुळली होती आणि स्पीकरवर आरती सुरू झाली होती. इतकी वर्षं जपलेलं मौन मोडलं आणि ते मोडल्याचं कुणाला कळलंही नाही, एवढ्यावर देवानं सोडलं असतं तरी चाललं असतं. त्या गप्प बसल्या असत्या तर कुणालाच काही समजलं नसतं. पण आवडाबाईंचा लाडू ओठाला लागला होता. सरिताबाई उठून उभ्या राहिल्या, पोथी छातीशी धरली आणि ओरडल्या, "नाही चालत. मी कधीच चालतं म्हटलं नाही. मला कुणी विचारलंच नाही."

आवाज चिरकला. वापरात नसलेल्या नळासारखा आला, आधी हवा, मग गंज, मग शब्द. गुरुजींनी आरती बंद केली.

त्यानंतर जे झालं ते थोडक्यात सांगते. लाडू पटापट परातीत परत पडले. मोनालीला मळमळलं. आप्पासाहेबांनी बाहेर जाऊन फ्लेक्सवरचा मासा वाचला आणि आत येऊन तो सर्वांना समजावून सांगितला. राजेंद्रराव, समुद्री वनस्पती आहे हो, शाकाहारी आहे हो, असं म्हणत एकेकीच्या मागं फिरले.

एवढं सगळं झाल्यावर माणसाला वाटेल की बायका सरिताबाईंचे उपकार मानतील. सरिताबाईंनी निदान तसं धरलं होतं. पण दुपारपर्यंत गल्लीत एकच विषय होता, आणि तो शेवाळाचा नव्हता.

"मौन मोडलं हो त्यांनी."

"भर सोमवारी. महादेवापुढं."

"आणि कशासाठी, तर लाडवासाठी."

"प्रसादाला नाही म्हणाल्या, त्याचं काय?"

मोनालीला, आपला उपवास मोडला की राहिला, हे विचारायचं होतं. ती सवयीनं सरिताबाईंच्या गेटपर्यंत आली. सरिताबाईंनी खिडकीतून पाहिलं. गेट कुरकुरलं, अर्धं उघडलं, मोनालीला काहीतरी आठवलं, आणि ती गेट लावून आवडाबाईंकडं गेली. आवडाबाई म्हणाल्या, काही होत नाही, चालतं. तेव्हापासून सगळे फोन तिकडंच जातात. आवडाबाईंकडं कोथिंबीर चालते, भेंडी चालते, हळदीचे वेफर्स चालतात. लोक समाधानी आहेत. बिडकीनच्या बाईलाही कुणीतरी नवा नंबर दिला असावा.

राजेंद्रराव दोन दिवस रुसले. त्यांचं म्हणणं एवढंच होतं की सांगायचं होतं तर घरात सांगायचं. इंद्रजीतचा पुण्याहून फोन आला. "आई, तू लोकांसमोर बाबांचा अपमान केलास म्हणे." कितीतरी दिवसांनी त्याचा फोन आला होता. सरिताबाईंनी त्याला जेवलास का विचारलं.

प्रसाद टाकता येत नव्हता. गल्लीतल्या गायीपुढं परात ठेवली. ही गाय प्लास्टिकची पिशवी गाठीसकट खाते. तिनं हुंगलं आणि तोंड फिरवलं. शेवटी सरिताबाईंनी सगळे लाडू आणि उरलेली पूड जास्वंदीच्या बुडाशी पुरली, वर हळदकुंकू वाहिलं आणि हात जोडले. पुढं त्या जास्वंदीला असा काही बहर आला की कुंपणाबाहेर फांद्या गेल्या. त्या प्राध्यापकांनी पंगतीत सांगितलेला गुण या घरात कुणाला लागला असेल तर त्या झाडाला. सरिताबाई पहिलं फूल हातात घेऊन बराच वेळ उभ्या राहिल्या होत्या. याचं मूळ कशावर पोसलंय, हे त्यांना माहीत होतं. मग त्यांनी डोळे मिटले आणि स्वतःलाच हळू सांगितलं, चालतं. तेवढं विचारायला आता त्याच उरल्या होत्या.

गुरुजींनी सांगितलं होतं, मोडला नेम नव्यानं धरता येतो, एक छोटंसं प्रायश्चित्त घ्या. सरिताबाई म्हणाल्या, बघते. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी सगळं चालू आहे. पोथी चालू आहे.

परवा सकाळी त्या आंघोळ करून देवापुढं बसल्या होत्या. राजेंद्रराव चहाचा कप घेऊन आले आणि चौकटीला टेकले. चेहऱ्यावर पुन्हा तोच प्रसन्नपणा होता.

"अगं, गच्ची नाहीतरी रिकामीच आहे. तिथं मधमाश्यांच्या पेट्या ठेवाव्यात म्हणतो. तुझ्याच नावावर. हरकत नाही ना?"

आणि सवयीनं थोडा वेळ वाट पाहत थांबले.

सरिताबाईंनी जास्वंदीचं फूल गणपतीच्या पायाशी ठेवलं. ते जरा तिरकं झालं होतं, ते सरळ केलं.

"आहे," त्या म्हणाल्या.